‘पॉवरसेव्हवर टाकून फसवलं’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

सर, नमस्कार. लॅपटॉप दोन दिवसांत देतो म्हणालो आणि चार दिवस लागले. ही चूक आमची, त्याबद्दल माफी मागतो.

पण एक स्टार देताना आपण लिहिलंय, ‘उबंटू टाकताना प्रोसेसर मुद्दाम पॉवरसेव्हवर ठेवला, ३.४ गिगाहर्ट्झचं मशीन ४०० मेगाहर्ट्झवर रखडतंय, १,२०० रुपये घेऊन फसवलं.’ उशीर झाला म्हणून बोललात तर ऐकून घेऊ, पण ‘फसवलं’ हे फार लागलं. नवीन गिऱ्हाईक आधी इथले रिव्ह्यू वाचून मग दुकानात येतं, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

पॉवरसेव्ह, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाची वीज वाचवणारी सेटिंग, आम्ही लावलेलं नाही. आपल्या आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसरवर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपणहून वेग सांभाळणारा इंटेल पी-स्टेट ड्रायव्हर घेतो, आणि त्याच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये गव्हर्नर, म्हणजे वेगाचे नियम, दोनच असतात: परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. घोळ असा की लिनक्समध्ये पॉवरसेव्ह नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसीपीआय सीपीयूफ्रीक या जुन्या ड्रायव्हरवर पॉवरसेव्ह म्हणजे वेग सर्वांत खालच्या पायरीला बांधून ठेवणं. तिथे आपलं म्हणणं खरं ठरलं असतं. पी-स्टेटचा पॉवरसेव्ह तसा नाही. इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून पुढच्या चिपमध्ये (आपलीही त्यातलीच) एचडब्ल्यूपी असतं, म्हणजे चिपनं स्वतः वेग ठरवायची सोय. कर्नल फक्त किमान-कमाल मर्यादा देतो आणि वेगाकडे झुकायचं की बचतीकडे तेवढं सांगतो, त्याला ईपीपी म्हणतात. प्रत्यक्ष वेग चिप स्वतः ठरवते. काम आलं की वर, संपलं की खाली. मशीन रिकामं बसलेलं असताना ४०० दिसले तर ते बरोबरच आहे. आपलं मशीन मात्र व्हिडिओ लावल्यावरही ४०० च्या वर जात नाही, म्हणजे दोष आहे. ते मी नाकारत नाही.

तो दोष कुठे आहे, ते आपल्याच रिव्ह्यूत आहे. आपण लिहिलंय, ‘टर्मिनलमधून परफॉर्मन्स केलं तरी काही फरक नाही.’ सर, गव्हर्नरचा दोष असता तर परफॉर्मन्स केल्या केल्या आकडा वर गेला असता. कर्नल ३.४ मागतोय आणि हार्डवेअर देत नाहीये. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे बीडी प्रोकहॉट. मदरबोर्डवरून प्रोसेसरला जाणारी ही एक सिग्नलची लाइन आहे. बोर्डाला वीजपुरवठ्याचा भरवसा वाटला नाही की तो ही लाइन ओढतो, आणि प्रोसेसर थेट किमान वेगावर येतो. आपल्या चिपचा किमान वेग नेमका ४०० आहे. यापुढे कुठल्याही गव्हर्नरचं काही चालत नाही.

आणि भरवसा उडतो तो बहुतेक वेळा चार्जरमुळे. आपल्या मॉडेलच्या चार्जरच्या गोल पिनेत मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून वीज येत नाही, चार्जर किती वॉटचा आहे एवढी ओळख येते. ती पिन वाकली, वायर आत तुटली किंवा चार्जर बाहेरचा असला की ओळख पटत नाही. मग चालू करताना अडॅप्टरची सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि वेग पडतो. बायोसमधून (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधून) ती सूचना बंद करता येते, पण त्यानं नुसता मेसेज जातो, वेग तसाच राहतो.

आता जॉब कार्ड पाहा. त्यावर आपल्या सहीच्या वर लिहिलंय, ‘चार्जर दिलेला नाही.’ आम्ही दोनदा मागितला, आपण ‘घरी आहे, गरज नाही’ म्हणालात. म्हणून दुकानातल्या ६५ वॉटच्या ओरिजिनल चार्जरवर टेस्ट केली. चारही कोअरवर स्ट्रेस-एनजी (पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) लावून टर्बोस्टॅटमध्ये (प्रत्यक्ष वेग दाखवणारा प्रोग्राम) सुरुवातीला ३.४ गिगाहर्ट्झ, अर्ध्या मिनिटानं १५ वॉटच्या मर्यादेमुळे २.३ च्या आसपास, तापमान ७८ अंश. हे आकडेही कार्डवर आहेत. आपला चार्जर बाहेरून घेतलेला आहे, हे आम्हाला रिव्ह्यू वाचून कळलं.

घरी तपासायचं तर व्हिडिओ चालू ठेवून चार्जर काढा आणि टर्बोस्टॅटचा ‘बिझी मेगाहर्ट्झ’ (Bzy_MHz) कॉलम पाहा. बॅटरीवर वेग परत आला तर दोष चार्जरचा किंवा जॅकचा. नाही आला तर बोर्ड उघडावा लागेल.

प्रोसेसरच्या रजिस्टरमधला (आतल्या सेटिंगमधला) एक बिट शून्य करून ही बीडी प्रोकहॉटची अडवणूक काढायचा उपाय आपण लिहिलाय. तो कृपा करून करू नका. मशीन बंद करून चालू केलं की तो बिट परत येतो हे एक, आणि त्याच लाइनवरून बोर्डाच्या व्होल्टेज सर्किटचं संरक्षणही चालतं. ६५ ऐवजी ४५ वॉटच्या चार्जरवर ते काढलं तर चार्जर तापतो, कधी ऐन कामात बंद पडतो. हे करून दिलं नाही म्हणून राग असेल तर असू दे, आम्ही ते करणार नाही.

१,२०० रुपयांत डेटा बॅकअप, इन्स्टॉलेशन, फॅनची सफाई आणि थर्मल पेस्ट होती. बिलावर सगळं वेगवेगळं लिहिलेलं आहे.

गिऱ्हाइकाच्या चार्जरवर टेस्ट न करता मशीन दिलं एवढी उणीव आमच्याकडून राहिली. यापुढे त्याकडे लक्ष देऊ, वेळेचंही बघतो.

मशीन आणि चार्जर दोन्ही घेऊन या, सोमवार सोडून कधीही. आपल्यासमोर मीटर लावून दाखवतो, तपासणीचे पैसे घेणार नाही. चार्जर चांगला निघाला तर १,२०० परत करतो. स्टार एकच ठेवा हवं तर, पण ‘मुद्दाम’ आणि ‘फसवलं’ हे दोन शब्द तेवढे काढा, ही विनंती.