दोन बाय दोनमधला मी

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचं ठरलं आणि व्हिसाच्या फोटोसाठी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या स्टुडिओत शिरलो. लग्नातला फोटोग्राफर हसा, हसा म्हणून जीव खातो. इथे न हसण्याचे पैसे.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरा पडदा, दोन्ही डोळे उघडे, चेहरा निर्विकार. चष्मा तर २०१६ पासूनच बंद. चष्मा काढला की मला कॅमेराच दिसत नाही. न दिसणाऱ्या वस्तूकडे निर्विकारपणे बघायचं हे योग्यांचं काम.

"काका, हनुवटी खाली. एवढी नको. खांदे सैल सोडा. अहो, श्वास घ्या की!"

निर्विकार होण्याच्या खटपटीत माझा चेहरा हप्ते थकलेल्या कर्जदारासारखा झाला. हिचा फोटो मात्र एका फटक्यात निघाला. निर्विकार बघण्याचा सराव तिने इतकी वर्षं माझ्यावरच केलाय.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या फ्रेंच माणसाच्या फोटो काढण्याच्या पद्धतीचा गाजावाजा झाला तेव्हा एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागायची. पुढे वेळ कमी झाला, तरी मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. इतका वेळ हसू टिकवणार कोण? आता डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो निघतो, तरी हसायला बंदीच. तेव्हा कॅमेरा मंद होता म्हणून, आता चेहरे ताडून बघणारा कॉम्प्युटर हुशार आहे म्हणून. माणसाने मेलं कधी हसायचं?

स्टुडिओतला पोरगा कॉम्प्युटरवर बसला. पडदा पांढरा केला, मलाही जवळजवळ तितकाच. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, सुरकुत्या गेल्या. वधूवर मंडळात चालून जाईल असा कोणीतरी पडद्यावर उगवला.

"अरे, माझा तीळ कुठाय?"

"काढला ना काका. त्याचे पैसे नाही लावले."

पासपोर्टावरच्या फोटोत डाव्या गालावर तो तीळ ठसठशीत बसलाय, आणि व्हिसाच्या फोटोत खाडाखोड अजिबात चालत नाही. हे समजावलं, तर म्हणाला, "मूळ फाइलवरच सेव्ह झालंय. थांबा, तीळ परत लावतो."

लावला. उजव्या गालावर.

मी परत स्टुलावर जाऊन बसलो. ही पडद्याकडे बघत म्हणाली, "तिथेच बरा दिसतोय हो."