प्रीमियम पेट्रोल आणि ‘कंजूष सल्ला’ : सांगलीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

साध्या आणि प्रीमियम पेट्रोलवरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : ‘साताऱ्यात बसून कंजूषपणाचे सल्ले देऊ नका. साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे, प्रीमियम ९५ चे. त्याने माझी १.२ लिटरची बिनटर्बो गाडी हलकी चालते, लिटरमागे दीड किलोमीटर जास्त देते, आणि महाबळेश्वरच्या घाटात तर त्याशिवाय पर्याय नाही.’ टीका तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, आणि एका ठिकाणी चूक माझीच आहे. ‘प्रीमियम म्हणजे पैशाची नासाडी’ हे माझे वाक्य सरसकट होते. बहुतेक प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारी तोटी) स्वच्छ ठेवणारी द्रव्ये जास्त असतात आणि जुन्या, कार्बन धरलेल्या इंजिनाला त्यांचा उपयोग होऊ शकतो, हे मी लिहायला हवे होते. मात्र थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या नव्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेवरून, जातच नाही, त्यामुळे तिथला मळ या द्रव्यांनी निघत नाही.

आता ऑक्टेनकडे वळू. हा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही. दाबाखाली ठिणगीआधीच किंवा भलत्या ठिकाणी पेट न घेण्याची सहनशक्ती तेवढी सांगतो. ज्या इंजिनात दाब अधिक, म्हणजे मुख्यतः टर्बो (जादा हवा दाबून आत भरणारा पंखा) असलेल्या किंवा उच्च कॉम्प्रेशनच्या (हवा-पेट्रोल जास्त दाबणाऱ्या) इंजिनांत, ती सहनशक्ती कामी येते : पेट्रोल कमी ऑक्टेनचे असेल तर अशा अवेळी पेटण्याचा ठोका (नॉकिंग) ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगी थोडी उशिरा टाकायला लावतो आणि गाडी मंदावते; पेट्रोल बदलले की ती मोकळी होते. तेव्हा ‘गाडी हलकी चालते’ हा प्रत्येक वेळी मनाचा खेळ असतो, असे मी म्हणणार नाही. परंतु जे इंजिन साध्या पेट्रोलसाठीच बनवले आहे आणि त्यावर ठोकाही देत नाही, त्याला चार ऑक्टेन जास्त देऊन मिळण्यासारखे फारसे काही उरत नाही.

त्यातही ९१ आणि ९५ ही आपली तुलनाच आता जुनी झाली आहे. बीएस-६ या प्रदूषणविषयक मानकात साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ ऑक्टेनची अट होती हे खरे. पण आता पंपावर मिळणाऱ्या ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी ती किमान ९५ आहे. कारण इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन शंभरच्या वर असते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघणारे हेच इथेनॉल. म्हणजे ज्या ९५ साठी आपण जादा पैसे मोजता, ते साध्या नोझलमधूनही मिळते. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने मायलेज थोडे घटते, ही तक्रार रास्त आहे. पण ९५ ऑक्टेनचे प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचे पेट्रोल नव्हे, त्यामुळे तो उपाय होत नाही.

दीड किलोमीटरचा हिशेब मात्र तपासून पाहावा. साधे पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये धरले, तर १५ चे मायलेज १६.१५ झाल्यावर कुठे खर्च बरोबरीला येतो. आपले दीड किलोमीटर खरे असतील तर आपण नफ्यात आहात, आणि मग माझा लेख आपल्यापुरता चुकला. पण एक टाकी सांगलीतल्या गर्दीत आणि दुसरी पुण्याच्या महामार्गावर संपली असेल, तर हा फरक रस्त्याचा आहे. मीही हा प्रयोग केला आहे : एकाच पंपावर, पहिल्या कटला (नळी आपोआप बंद होताच) हात थांबवून, रोजच्याच रस्त्यावर प्रत्येकी दोन टाक्या. फरक इतका किरकोळ निघाला की कट एखाद्या कपाने पुढे-मागे झाल्यानेही तो पडला असता. (एकदा तर पंपावरच्या मुलाने न विचारता प्रीमियमची नळी लावली आणि बिल हातात येईपर्यंत मला पत्ता नव्हता. इंजिनालाही नव्हता.)

घाटाबाबत आपला अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळे असावे. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाच्या वळणांवर भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये रेटली की बॉनेटखालून टाळ वाजवल्यासारखा बारीक खणखणाट येतो. तोच नॉकिंगचा आवाज. तिसरा किंवा दुसरा गिअर टाकला की तो बहुधा थांबतो. पुढे पाचगणीला, सुमारे १,३०० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते, आणि बिनटर्बो इंजिनात हवा कमी शिरली की दाबही कमी होतो, म्हणून तिथे ऑक्टेनची गरज उलट घटते. वर गाडी दमते ती हवेअभावी, आणि ती उणीव कोणतेही पेट्रोल भरून काढू शकत नाही. खालचा गिअर टाकूनही खणखणाट राहिला, तर ९५ च्या वरचे प्रीमियम भरून पाहणे योग्यच आहे; पण आधी स्पार्क प्लग आणि कार्बन तपासून घ्यावा.

लेखातील ‘नासाडी’ हा शब्द मी आज काढला असून तिथे ‘पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर सांगितले नसेल तर अनावश्यक’ असे लिहिले आहे. आपल्या गाडीच्या झाकणाच्या आत कोणता आकडा छापला आहे, तेवढे कृपया कळवावे. तो ९५ पेक्षा जास्त असेल, तर या उत्तराचा निम्मा भाग मी मागे घेईन.