रक्ताची पिशवी तपासली, हेपॅरिनच्या बाटलीचं काय?
‘रक्तपेढीतलं तपासलेलं रक्त घेतलं की डायलिसिसच्या पेशंटला हेपॅटायटिस सीची भीती नाही’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. रक्तातून पसरणाऱ्या या यकृताच्या आजाराची लागण डायलिसिस युनिटमध्येच होऊ शकते. हेपॅरिनची (रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाची) एकच बाटली ट्रॉलीवरून चार खाटांना फिरते, हातमोजे तेच राहतात, खुर्चीच्या हातावरचा रक्ताचा ठिपका कुणी पुसत नाही. इंजेक्शन वेगळ्या स्वच्छ टेबलावर भरून एकेकाचं न्यायला हवं. राजापूर-देवगडकडच्या पेशंटची परतीची एसटी चुकू नये म्हणून घाई होते, कळतं. पण दोन पाळ्यांमधली पुसापुशी गाळू नकाच.

या विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी अँटिबॉडी टेस्ट नव्या लागणीत 8-10 आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) अचानक वाढलं तर थेट विषाणू शोधणारी आरएनए टेस्ट कराच. आजार गोळ्यांनी बरा होतो, डायलिसिस चालू असतानाही!