टॉप फाइव्ह राहू दे, आधी अल्बम ऐक

शनिवारी मावसभावाच्या गाडीतून साताऱ्याला साखरपुड्याला गेलो आणि तेव्हा जे डोकं सटकलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

कात्रजचा बोगदा ओलांडला तोच याने सुरू केलं, "तुझे टॉप फाइव्ह रॅपर सांग." अरे, मावशी कशी आहे ते तरी विचार! मी नासचं नाव घेतलं. "नास? ओव्हररेटेड. त्याच्या इलमॅटिक अल्बमला दहापैकी सात." म्हटलं, ऐकलायस? "ऐकलाय ना." कुठे, रीलमध्ये? मग मीच लावला. इंट्रो धरून १० ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत आटोपतो. खंबाटकी घाट लागायच्या आत संपला असता. पण खेड-शिवापूरचा टोल यायच्या आधीच साहेबांचा अंगठा शिवशिवायला लागला. तिसऱ्या ट्रॅकवर मान हलवत म्हणतो, "बघ, नासच्या आवाजात दमच नाही."

तो आवाज एझीचा होता रे बाबा! अख्ख्या अल्बमवर पाहुणा रॅपर एकच, त्या गाण्यातला पहिला व्हर्स त्याचा, आणि तो ऐकून तू नासला नापास केलंस? मी हे सांगेपर्यंत गाणं पुढे ढकललं होतं. म्हणजे शेवटचं कॉर्नेट, ते ट्रम्पेटसारखं वाद्य, तेही गेलं. ते वाजवलंय नासच्या वडिलांनी, ओलू दारा, जाझवाला माणूस. न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी इमारतींत वाढलेलं वीस वर्षांचं पोरगं उद्याचा भरवसा नाही म्हणतंय, आणि मागून बाप एक शब्द न बोलता वाजवत राहतो. मला त्या जागी दर वेळी गलबलून येतं. याला तिथपर्यंत थांबायचं नाही, गुण मात्र द्यायचेत. पेपर न वाचता मार्क टाकणारा मास्तर मेला!

मग आलं विक्रीचं पुराण. पहिल्या आठवड्यात किती खपला, किती स्ट्रीम झाले. तू काय रेकॉर्ड कंपनीचा मुनीम आहेस? खपावरच ठरवायचं असेल तर व्हॅनिला आइस नावाच्या रॅपरला देव्हाऱ्यात बसव, त्याचा अल्बम १९९०-९१ मध्ये सलग १६ आठवडे अमेरिकेत एक नंबरवर होता. आहे तो तुझ्या टॉप फाइव्हमध्ये?

मागच्या सीटवर याचा थोरला भाऊ. ती दुसरी तऱ्हा. "नव्वदीनंतर हिप-हॉप मेलं." हे वाक्य मी त्याच्या तोंडून कॉलेजपासून ऐकतोय. अहो दादा, तुमच्या त्याच सुवर्णकाळात, १९९४ मध्ये, शिकागोच्या कॉमन नावाच्या रॅपरने हिप-हॉप बिघडलं म्हणून आख्खं गाणं लिहून ठेवलंय! आणि १९९५ च्या सोर्स अवॉर्ड्समध्ये, म्हणजे हिप-हॉपच्या पुरस्कारांत, दक्षिणेकडच्या अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला पुरस्कार मिळाला तर न्यू यॉर्कच्या पब्लिकने हुर्यो उडवली. तेव्हाही तुमच्यासारखेच बसले असणार समोर, आमच्या वेळचं तेच खरं म्हणत. त्याच आउटकास्टने १९९८ मध्ये अक्वेमिनाय हा अल्बम काढला. दादांनी ऐकलाय का? नाही. "साउथचं मला झेपत नाही." मिटला विषय.

दोघांच्या याद्यांत मिळून एक बाई नाही, हे जाता जाता सांगतो. लॉरिन हिल म्हटलं की "ती फिमेल रॅपरमध्ये टॉप." वेगळी पंगत! १९९९ मध्ये ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर तिने नेला, तो काही महिला गटातून नव्हता.

आणि ड्रेक आणि केंड्रिक लामार या दोन रॅपरांच्या २०२४ च्या भांडणापासून तर प्रत्येक जण वकील झालाय. धाकटा केंड्रिकच्या बाजूने, कारण "त्याला पुलित्झर आहे." कुठल्या अल्बमला? गप्प. डॅमला, २०१८ मध्ये. बरं, तो अल्बम उलट्या क्रमाने ऐकला तर गोष्टच वेगळी लागते. म्हणून केंड्रिकने गाण्यांचा क्रम उलटा करून त्याची वेगळी आवृत्तीही काढली. आणि हा बाबा तो शफलवर ऐकतो! शफलवर! वर मलाच विचारतो, "क्रमाने काय फरक पडतो?"

वाद घाला रे, मी कुठे नको म्हणतोय? नव्वदीतले दोन रॅपर, बिगी की टूपाक, यावर आम्हीही टपरीवर चहाचे ग्लास थंड केलेत. पण कोण कुठे श्वास घेतो, बीट कुठे थांबतो, कुठली ओळ उशिरा कळली, यावर भांडायचो. यांच्या बोलण्यात नुसते आकडे, जणू गुरांचा बाजार भरलाय.

परत आलो. रात्री नऊला त्याने मला सोसायटीच्या गेटवर सोडलं. नऊ बाराला त्याचा मेसेज: "भावा, इलमॅटिक आत्ता नीट पूर्ण ऐकला. साडेसात देतो."