हजारात साडेचार

आमच्या घराण्यात आजवर कोणी काही ठरवलेलं नाही. जे झालं ते झालं. मी पाटबंधारे खात्यात लागलो, कारण त्या फॉर्मची तारीख उलटायची राहिली होती. ताईने बँकेची परीक्षा दिली ती शेजारच्या कुमुदला सोबत म्हणून. कुमुद राहिली आणि ताई मॅनेजर होऊन निवृत्त झाली. अशा घरात बारावीच्या निकालानंतर आमच्या सईने जाहीर केलं, की ॲक्च्युरियल सायन्स आणि फायनान्शियल मॅथेमॅटिक्सची डिग्री घ्यायची का नाही, ते मला ठरवायचं आहे.

नीट वाचा. घ्यायची आहे, असं ती म्हणाली नाही. घ्यायची असती तर एक कडकडीत भांडण होऊन विषय मिटला असता. ठरवायचं आहे म्हटल्यावर सगळं घर कामाला लागलं.

मला हा विषय समजावून देण्यात आला तो असा. आज तिशीतल्या माणसाकडून किती हप्ता घेतला म्हणजे तीस वर्षांनी क्लेम द्यायला तिजोरीत पैसे असतील, पेन्शनर लोक पटापट नव्वदी गाठायला लागले तर पेन्शन फंडात आत्ता किती हवेत, हे गणिताने काढून त्याखाली सही करतो तो ॲक्च्युअरी. आयुर्विमा कंपनीला असा माणूस नेमावाच लागतो, नियमच आहे. सगळ्या परीक्षा पास होऊन फेलो झालेले अख्ख्या देशात काहीशेच, म्हणून पगार दांडगे. मी हे सगळं पाठ करून ताईला फोनवर म्हणून दाखवलं.

"म्हणजे एलआयसीचा एजंट," ताई म्हणाली.

"एजंट हप्ता मागतो गं. हा तो ठरवतो."

"मग एजंटच बरा. आमच्या सोसायटीतल्या एजंटाने दोन फ्लॅट केले. हप्ता ठरवणारा तू कधी डोळ्यांनी पाहिलायस?"

पाहिला नव्हता. पण सईच्या आजोबांना, आप्पांना, विमा म्हटलं की सातारा आठवतो. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली, आणि आप्पांच्या वडिलांची पॉलिसी तिचीच. १९५६ साली सरकारने अशा २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून एलआयसी केली, तेव्हा आपले पैसे गेले असं धरून सईच्या या पणजोबांनी दिल्लीच्या दिशेने तोंड करून यथेच्छ शिव्या घातल्या. पुढे मुदत भरल्यावर पैसे बोनससकट आले. तेव्हा म्हणाले, "येणारच. कंपनी साताऱ्याची होती ना."

"त्या वेळी हे गणित कोण करायचं, आप्पा?" सईने विचारलं.

"असेल कोणी कोपऱ्यात बसलेला. चष्मेवाला," आप्पा म्हणाले. सईला चष्मा आहे. आप्पांनी आपलं मत दिलं होतं.

मग ते कोष्टक घरात आलं. इंडियन अश्युअर्ड लाइव्ह्ज मॉर्टॅलिटी, २०१२-१४. नावावरून निरुपद्रवी वाटतं. डावीकडे वय, उजवीकडे दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग आणि मग आकडे. विमा काढलेल्या लोकांपैकी कोणत्या वयाचे किती जण वर्षभरात जातात, त्याची ही यादी. भारतातल्या विमा कंपन्या यावरून हिशेब मांडतात. सईने ती जेवायच्या टेबलावर मांडली.

"बाबा, तू पन्नासचा ना? हजारात जवळजवळ साडेचार."

"काय साडेचार?"

"जातात."

मी हातातला घास खाली ठेवला. घाबरलो वगैरे नव्हतो, पण प्रश्न पडला. "चार समजलं. साडे म्हणजे? अर्धा माणूस कोण?"

"रविवारी दुपारी सोफ्यावर बघायचं," आमटी वाढता वाढता बायको म्हणाली.

सईने माझं सांत्वन केलं, की चाळिशीत हाच आकडा हजारी पावणेदोनसुद्धा नव्हता. हे सांत्वन होतं, असं तिला वाटत होतं. दहा वर्षांत अडीच पटीच्या वर! एका वयानंतर हा धोका दरवर्षी ठरावीक पटीने वाढत जातो, असं बेंजामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या लंडनकराने १८२५ सालीच सूत्रात बसवून ठेवलं आहे म्हणे.

"चक्रवाढ व्याज," बायको म्हणाली. "सरळ सांगायचं ना."

बायकोविषयी इथे सांगायला हवं. ती पतपेढीत कर्ज विभागात आहे आणि जोखीम या विषयात तिचं स्वतःचं शास्त्र आहे. अर्जदाराचे कागद ती बघतच नाही. जामीनदाराला समोर बसवते, पाण्याचा ग्लास ठेवते आणि बोलता बोलता तो किती वेळा पाणी पितो ते बघते. दोनदाच्या वर प्यायला की कर्ज नामंजूर. तिच्या टेबलावरची थकबाकी नगण्य आहे. कोष्टकवाल्यांनी कधीतरी तिला भेटावं.

तिला बरोबर घेऊन आम्ही त्या खाजगी विद्यापीठात गेलो. माहितीपत्रक आधीच घरी आलं होतं. गुळगुळीत कागद, लॅपटॉपकडे बघून खदखदून हसणारी मुलगी, वर 'जगातील सर्वोत्तम करिअर'. मागच्या पानावर, जिथे तांदूळ निवडायच्या नजरेने बघावं लागतं तिथे, एक चांदणी आणि तिच्याखाली बारीक ओळ: परीक्षांतील सूट संबंधित संस्थेच्या नियमांनुसार. समुपदेशक म्हणून बसवलेला मुलगा सईपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असेल. गळ्यात टाय, आणि प्रत्येक वाक्याआधी 'सर, बेसिकली'.

सर, बेसिकली प्लेसमेंट एकदम स्ट्राँग होती. सर, बेसिकली सीट्स भरत आल्या होत्या. फीचा आकडा मात्र त्याने बेसिकली न म्हणता कागदावर लिहून आमच्याकडे सरकवला. तीन वर्षांची फी माझ्या गृहकर्जाच्या मूळ रकमेशी ओळख सांगत होती.

बायकोने पर्समधून चष्मा काढला. "ही डिग्री झाली की मुलगी ॲक्च्युअरी होणार?"

"मॅडम, बेसिकली तिचा पाया..."

"होणार की नाही?"

"नाही, म्हणजे त्याच्या परीक्षा वेगळ्या असतात. इन्स्टिट्यूट घेते."

"किती पेपर?"

"तेराएक."

"ते तुमच्या फीत?"

मुलाने बाटलीचं झाकण उघडलं. मी बायकोकडे बघितलं. ती बाटलीकडे बघत होती.

"आणि या डिग्रीशिवाय त्या परीक्षा देता येत नाहीत?"

त्याने पुन्हा पाणी प्यायलं. देता येतात. बारावीनंतर एसेट नावाची प्रवेश परीक्षा पास झाली की इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचं विद्यार्थी सदस्यत्व मिळतं, मग डिग्री बी.एस्सी.ची असो, बी.कॉम.ची असो. कॉलेज सांभाळून एकेक पेपर देत जायचं. कोणाला सहा-सात वर्षं लागतात, कोणाला दहा, आणि पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या पेपरला रामराम ठोकून दुसरी नोकरी धरतात. एवढं सगळं त्याच्याकडून निघेपर्यंत बाटली निम्मी झाली होती. बायकोने चष्मा पर्समध्ये ठेवला. पतपेढीत याचा अर्थ फाइल बंद.

पण सईची फाइल उघडीच होती. तिचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. एकटीने पुस्तकं आणून बसायचं म्हणजे कोणी विचारायला नाही, बरोबरीला कोणी नाही, आणि त्या विषयाची चिन्हं बघितली तर बरोबरीला कोणीतरी हवंच असं वाटतं. एका वर्षासनाचं चिन्ह तिने मला दाखवलं. मधे 'ए', त्याच्या डोक्यावर दोन टिंबं, पायाशी एक्स, एक्सनंतर विसर्ग, मग एन आणि त्या एनवर काटकोनी पत्र्याची शेड. एवढ्या सगळ्याचा अर्थ काय, तर आज एक्स वयाच्या माणसाला एन वर्षं, पण जिवंत असेपर्यंतच, दर वर्षाच्या सुरुवातीला एक रुपया द्यायचा झाला तर आज किती बाजूला ठेवावे. १८९८ साली लंडनला जगातले ॲक्च्युअरी जमले आणि त्यांनी अशी चिन्हं सगळ्यांसाठी एकच ठरवून घेतली. मराठी साहित्य संमेलनात शुद्धलेखनावर अजून एकमत व्हायचं आहे, आणि या लोकांनी टिंबांसकट उरकून टाकलं.

त्या रात्री मी पण वाचत बसलो. मुलीचं भवितव्य आहे म्हटल्यावर बापाने निदान विकिपीडियापर्यंत तरी जावं. मला भेटले ते सगळे नाकारलेले लोक. जेम्स डॉडसन हा लंडनचा गणिताचा मास्तर. पंचेचाळीस उलटली म्हणून त्याला विमा कंपनीने पॉलिसी नाकारली. तो कोल्हापूरकरासारखा इरेला पेटला आणि वयाप्रमाणे हप्ता कसा काढायचा, त्याचं गणितच मांडून बसला. त्यावर उभी राहिलेली इक्विटेबल ही विमा कंपनी १७६२ साली सुरू झाली, तोपर्यंत मास्तर वारले होते. आणि तो गॉम्पर्ट्झ, ज्याने माझा साडेचारचा वेग काढला, त्याला ज्यू म्हणून विद्यापीठाने दारातच उभं केलं नाही. तो घरी वाचून शिकला. आज त्याचं सूत्र शिकायला विद्यापीठं लाखांनी फी घेतात.

मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग सईला कोणीतरी 'नाही' म्हणायला हवं. तुम्हाला जमणार नाही, मीच म्हणते."

डिग्रीचा दुसरा अर्धा भाग, फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, आमचा मेहुणा शिरीष याने अंगावर घेतला. शिरीष शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांत असतो. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने अभ्यास करून सांगितलं आहे, की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरणाऱ्या दहा सामान्य लोकांपैकी नऊ जण तोट्यात जातात. हा अभ्यास शिरीषने वाचला आहे. तो स्वतःला दहावा समजतो.

"शिरीषमामा, ऑप्शनची किंमत तू कशी काढतोस?" सईने विचारलं.

"टेलिग्रामवर येते."

सईने त्याला ब्लॅक-शोल्स सूत्र समजावलं. १९७३ सालचं. त्याच कामासाठी शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इथपर्यंत शिरीष पडेल चेहऱ्याने ऐकत होता. पण हे दोघे ज्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट फंडात भागीदार होते तो पुढच्याच वर्षी गाळात गेला आणि बड्या बँकांना साडेतीन अब्ज डॉलरच्या वर ओतून तो सावरावा लागला, हे ऐकल्यावर त्याच्या तोंडावर तेज आलं. "बघा भाऊजी! नोबेलवाल्यांची ही कथा, मी तर साधा बी.कॉम." त्या दिवशी तो जेवून गेला, आणि बऱ्याच महिन्यांनी त्याने बहिणीकडे पैसे मागितले नाहीत.

मला हसू आलं तरी आत कुठेतरी खुटखुटत होतं. ऑफिसात आम्हीही 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' धरूनच सांडव्याची मापं काढतो. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक, एवढाच. काल आला म्हणून उद्या येणार नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर लागोपाठ अंगावर घेतले. त्यांना शंभर वर्षांचं गणित सांगायला जाणाऱ्याने गाडी चालू ठेवूनच जावं. हजार माणसांचं कोष्टक पक्कं सांगतं, हजार पुरांचंही सांगेल. एका माणसाचं विचारलं की ते गप्प. आणि आमच्या घरी प्रश्न एकाच मुलीचा होता. तिच्या मैत्रिणीच्या भावाचं काय झालं, प्लेसमेंटची सरासरी काय, कितीजण मधेच सोडतात, सगळं गोळा करून झालं. सई त्यातली कितवी, ते काही कुठल्या रकान्यात सापडेना.

तरी सईने एक्सेलची शीट केलीच. फी, प्रवास, आवड, जोखीम, 'आईचा मूड' असे रकाने आणि प्रत्येकाला भारांक. उत्तर आलं, जुन्या अनुदानित कॉलेजात साधं बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स घे आणि पेपर बाहेरून दे. उत्तर बघून सईचा चेहरा उतरला. तिने आवडीचा भारांक वाढवला. उत्तर बदलून खाजगी विद्यापीठ आलं. तरी चेहरा उतरलेलाच. मग तिने जोखमीचा वाढवला. रात्री उशिरापर्यंत ती एकदा इकडे, एकदा तिकडे भारांक सरकवत होती, आणि मी शेजारी बसून दोन्ही उत्तरांना "हे बरोबर वाटतंय" म्हणत होतो. शेवटी लाइट गेली.

सकाळी बायकोने डब्याची पोळी लाटता लाटता विचारलं, "तो पहिला पेपर कधी आहे गं?"

"आधी एसेट. मग पेपर."

"मग एसेट दे. पास झालीस तर दोन पेपरांचे पैसे मी देते, लाखांच्या फीचं नंतर बघू. आम्ही नव्या माणसाला पहिल्यांदा दहा हजारच देतो."

एवढ्या साध्या युक्तिवादाला एक्सेलकडे उत्तर नव्हतं. सईने स्टॅटिस्टिक्सला प्रवेश घेतला आणि एसेटचा फॉर्म भरला. खाजगी विद्यापीठाचा फोन अजून येतो. सर, बेसिकली एक सीट आमच्यासाठी राखून ठेवलेली आहे. ती कधी भरतच नाही.

आप्पा ब्याऐंशी पूर्ण आहेत. परवा त्यांनी सईला कोष्टक आणायला लावलं आणि आपली ओळ दाखवायला सांगितली. ती आधी टाळत होती. आप्पा म्हणाले, "अगं, तुझ्या डिग्रीपर्यंत मी टिकतो का, तेवढं काढ." तिने तीन वर्षांचे आकडे घेऊन गुणाकार केला. टिकण्याचा संभव पाऊण वाट्याच्या वर निघाला.

"आणि तुझे ते पेपर? किती पोरं पास होतात?"

"कित्येक पेपरांना निम्मीसुद्धा नाही, आप्पा."

आप्पांनी काठी टेकून उठता उठता तिच्या पाठीवर थाप मारली. "मग तू तुझी काळजी कर. माझा निकाल तुझ्यापेक्षा चांगला आहे."