गेट पडलंय तोवर

परवा रात्री साडेनऊला फोन आला. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून चाललेल्या सीमाचळवळीतले जुने काका. नाव लिहीत नाही, पोस्ट वाचली तर स्वतःला ओळखतीलच.

"काय गा, तुम्ही म्हणे लव्हस्टोरीचं नाटक बसवालाय?"

म्हटलं, होय की.

"आणि त्यात पोरीचा बाप कन्नड बोलतोय?"

म्हटलं, तेही होय.

थोडा वेळ पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, "आम्ही एक नोव्हेंबरला दंडाला काळ्या फिती बांधायच्या आणि तुम्ही स्टेजवर कानडी सासरा आणायचा. चालू दे." फोन बंद. (एक नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस; आम्ही तो काळा दिवस पाळतो.)

ते "चालू दे" दोन दिवस डोक्यात बसलंय, म्हणून लिहितोय. लांबलंय. सवडीनं वाचा.

आधीच सांगून टाकतो, मी काही तटस्थ माणूस नाही. या नाटकाचा प्रॉम्प्टर मी आहे. वीस-बावीस वर्षं आमच्या भागातल्या हौशी नाटकांना विंगेतून वाक्यं पुरवतोय. प्रॉम्प्टरला नट दिसतो पाठीमागून आणि नाटक कळतं कानांनी. त्यामुळे माझं मत म्हणजे कानाचं मत समजा.

तालीम वडगावात, एका देवळाच्या सभामंडपात. नऊला भजन संपतं, टाळ खुंटीला लागले की आम्ही चपला काढून आत. नायक उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. सेकंड शिफ्ट असली की तालीम अकराला सुरू होते, मग मोल्डिंगची काळी माती नखांत घेऊनच तो प्रेम करतो. नायिका सोसायटीत कॅशियर. तिचा भाऊ रोज बाहेर बाइकवर बसून मोबाइल बघत असतो, तालीम संपेपर्यंत. आत येऊन बस म्हटलं तर येत नाही. आता आता खिडकीशी सरकलाय.

गोष्ट अशी. टिळकवाडीतलं रेल्वे गेट. बेळगावात राहणाऱ्याला गेट म्हणजे काय ते सांगायला नको. पहिलं, दुसरं, तिसरं; आपण पत्तेसुद्धा त्याच्यावरून सांगतो आणि उशीर झाला की "गेट पडलं होतं" एवढं पुरतं, साहेबही पुढं विचारत नाही. तर रोज सकाळी त्याची स्प्लेंडर आणि तिची स्कूटी गेटपाशी शेजारी शेजारी अडकतात. मालगाडी असली की जरा जास्त वेळ. पहिला अंक म्हणजे नुसतं गेट पडणं आणि उठणं. रंगमंचावर लाल-पांढरा दांडा, दोन गाड्या, बाजूला गेटमनची केबिन, बस्स. आणि गेटमन म्हणजे पोरीचा बाप. केबिनमधून तो सगळं बघत असतो, आणि गप्पा जरा रंगात आल्या की नेमका दांडा वर करतो. मध्यंतराच्या तोंडावर तिथं उड्डाणपूल होतो. गेट बंद. आता भेटायला निमित्तच उरत नाही. पुढचं सांगत नाही, तिकीट काढा.

तर पहिल्या अंकाच्या शेवटी तो तिला मनातलं सांगतो असा प्रसंग. लेखकानं लिहिलं होतं, "माझं तुझ्यावर प्रेम आहे." पोरगं हे वाक्य आलं की हसायचं. एकदा नव्हे, आठ दिवस. दिग्दर्शक चिडला, म्हणाला, अरे सीरियस हो. ते म्हणालं, "सर, हे असं कोण बोलतंय वो? आमच्या घरात आजपर्यंत कोणी बोललेलं नाही." मग तालीम थांबली आणि सगळे गोल करून बसलो. आपल्याकडं हे कसं बोलतात? ज्यांची लग्नं प्रेमातनं झाली त्यांना विचारलं. एक म्हणाला, मी चिठ्ठी दिली होती. दुसरा म्हणाला, मी काहीच बोललो नाही, तिच्या काकानंच येऊन मारलं, तेव्हा तिला कळलं. वीस मिनिटं हाच गोंधळ. शेवटी त्या पोरानंच दांड्याकडं बघत, हेल्मेट हातात फिरवत म्हटलं, "उद्या पण ह्याच टायमाला येतीस न्हवं?"

सभामंडपात एकदम गप्प. मी वहीतली जुनी ओळ खोडली आणि ही लिहिली. वाक्य पुरवायचं माझं काम. त्या दिवशी मला वाक्य मिळालं.

मला हेच नाटक व्हायला पाहिजे असं का वाटतं, ते इथं आहे. आपली बोली स्टेजवर आजवर कुठल्या कामाला आली? गडी, हवालदार, दारुड्या, विनोदी मामा. नायक-नायिका पुण्याचं बोलणार आणि चहा आणणारा आमचं. पुण्यात कुठं बेळगावचा आहे म्हणून सांगा, समोरचा लगेच, "बोला की तुमचं ते रावसाहेबांसारखं." पु.लं.नी प्रेमानं आमचं बोलणं साऱ्या महाराष्ट्राला ऐकवलं, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. त्यांना आमच्या बोलीतनं शिव्या आणि हशा एवढंच ऐकायची सवय लागली. या भाषेत कोणी लाजतं, रुसतं, वाट बघतं, हे त्यांच्या गावी नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याही नाही.

मागं एका स्पर्धेत आमच्या नायिकेनं "मी आलो की" म्हटलं. परीक्षकांनी नंतर बोलावून सांगितलं, मुलीचं व्याकरण सुधारा, "आले" पाहिजे. ती पोरगी गोरीमोरी झाली. अहो, आमच्याकडं बायका "मी आलो, मी जातो"च म्हणतात. माझी आई म्हणते, बायको म्हणते. कोल्हापुरातही म्हणतात. त्या दिवशी मी विंगेत होतो, तोंड उघडलं नाही. या खेपेला नायिका "मी थांबतो उद्या" असंच म्हणणार आहे आणि कोणी मार्क कापायला नाही.

आता काकांचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेत नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात माझ्या वडिलांनी लाठी खाल्ली आहे. एक नोव्हेंबरच्या फेरीत मी दरवर्षी असतो, यंदाही असणार. पण १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच गावात झाला आणि तेव्हापासून बेळगावात मराठी म्हटलं की पुढं ठराव, निवेदन, मोर्चा एवढंच येतं. १९५६ ला आपण कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. गेट पडलंय. गाडी कधी येणार माहीत नाही. तोवर गेटवर उभ्या माणसांनी एकमेकांकडं बघायचं पण नाही काय?

आणि परंपरेचं म्हणाल तर ऐका. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, जन्म गुर्लहोसूरचा, साल १८४३. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, आणि त्यांना ते सुचलं कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. म्हणजे मराठी नाटकाच्या पाळण्यालाच कानडी दोरी आहे. अण्णासाहेबांचं १८८२ चं 'सौभद्र' घ्या. थोरल्या भावानं, बलरामानं, स्थळ ठरवलंय दुर्योधनाचं, पोरीच्या मनात अर्जुन, आणि तो अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन त्याच घरात पाहुणा म्हणून येऊन राहतो. धाकट्या भावाला सगळं माहीत, तोच कळ फिरवतोय. ही रोमँटिक कॉमेडी नाही तर काय आहे? देश इंग्रजांच्या ताब्यात होता तेव्हा. 'संशयकल्लोळ'वाले देवल मॅट्रिक झाले ते बेळगावातनं. दोन प्रेमिकांतल्या संशयाचा असा गोंधळ मराठीत दुसरा नाही. एवढी पुंजी घरात असून आपण वर्षानुवर्षं काय करतो? स्पर्धा जवळ आली की एक प्रेत, एक झोपाळा आणि निळा स्पॉट घेऊन काहीतरी गंभीर बसवतो. मी स्वतः असल्या अकरा नाटकांना प्रॉम्प्टिंग केलंय. एकाचाही अर्थ मला विंगेतनं कळलेला नाही.

त्या कन्नड बापाचं काम एक निवृत्त बस कंडक्टर करतात. घरी कन्नड, गल्लीत मराठी, जागेपणी दोन्ही. ते नाटकभर कन्नडच बोलतात आणि कोणी त्याचं मराठी करून सांगत नाही. गरजच नाही, बेळगावच्या प्रेक्षकाला काय समजत नाही? त्या पोराशी ते पहिल्यांदा बोलतात ते दुसऱ्या अंकात, केबिनमधला डबा उघडता उघडता: "ऊट आतेन्री?" जेवण झालं काय. एवढंच. पण ते "री" लावतात, कालच्या पोराला अहो-जाहो करतात, तिथं मी दर तालमीला पान उलटायचं विसरतो. त्यांची एकच खोड, वाक्य विसरले की पूर्वीच्या सवयीनं "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून वेळ काढतात. दिग्दर्शकानं आता ते नाटकातच ठेवलंय.

फ्लेक्सचीही गंमत झाली. बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे हा नियम सगळ्यांना माहीत आहे. छपाईवाला म्हणाला, मी रिस्क घेणार नाही. झालं, मराठी नाटकाचा फ्लेक्स आणि वरची मोठी अक्षरं कन्नड. आमच्यातले दोघे भडकले, मीही कुरकुरलो. नियमाबद्दलची माझी कुरकुर अजून तशीच आहे. पण तिसऱ्या दिवशी आमच्या समोरच्या घरातल्या आजी, ज्यांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, दारात उभ्या. "नाटक हाय म्हणे तुमचं? बोर्डावर वाचलो. मला आणि सुनंला दोन ठेव." पहिली दोन तिकिटं तीच गेली.

नाटक थोर आहे असं काही मी म्हणणार नाही. दुसरा अंक मध्ये पंधरा मिनिटं सैल आहे. नायकाच्या मित्राचे मोबाइलवरचे विनोद मी लेखकाला तीनदा काढायला सांगितले, तो ऐकत नाही. शेवटाकडं एक गाणं आहे ते कशाला आहे हे ज्यानं चाल लावली त्यालाही माहीत नाही. मुंबईचं नाटक आलं की आपण पाचशेचं तिकीट मुकाट्यानं काढतो आणि टीव्हीवरचा नट लांबून बघून येतो. चांगलंच आहे, काढा. इथं शंभर रुपये आहेत आणि नट उद्या तुम्हाला गणपत गल्लीत भाजी घेताना भेटेल.

काका, तुमची दोन तिकिटं मी बाजूला काढून ठेवली आहेत, काकूंचं धरून. पैसे देऊ नका. पहिल्या दोन रांगा सोडून बसा, तिथं स्प्लेंडरचा धूर येतो. गाडी खरी आहे आणि पोरगं ती खरीच चालू करतं, कितीही सांगा. मी डाव्या विंगेत आहे. मध्यंतरात या, चहा तिथंच आहे.