‘काळ्या खिडकीत कशाला शिरायचं?’ – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

मोंगोडीबी या डेटाबेसचं शेल, म्हणजे आज्ञा टाईप करून डेटा हाताळायची काळी खिडकी, शिकून घ्या, असं मी गेल्या लेखात लिहिलं त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तिला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या धंद्याला हिशेबाचं टॅली असताना मोंगोडीबी मुळात हवंच कशाला? घेतलंच तर कंपाससारखं माउसवर चालणारं साधन फुकट मिळतंय, मग काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करत बसायचा हट्ट का? तिथं एक ओळ चुकली की सगळा डेटा साफ. आणि मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी आज्ञांच्या तोंडी देऊन आपण उगाच घाबरवतोय. शेवटी ‘हे सगळं स्वतःला हुशार दाखवायला’ असा टोमणाही आहे. टोमणा सोडून देतो, बाकीचं घेतो.

टॅलीचा मुद्दा आधी मिटवू. हिशेब, जीएसटीची बिलं, येणं-देणं हे टॅलीतच राहू दे. ते तिथून हलवा असं मी कुठंच म्हटलेलं नाही. माझा विषय ऑर्डरचा आहे. टॉवेलच्या ऑर्डरीत माप, जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), रंग आणि बॉर्डर येते. जॅकार्ड चादरीला डिझाइन नंबर आणि वजन लागतं. युनिफॉर्मची ऑर्डर असेल तर शाळा, कापड आणि साइजवार नग. हे सगळं एका टेबलात कोंबलं की निम्मे रकाने कायम रिकामे, आणि नवा माल सुरू केला की पुन्हा नवा रकाना. मोंगोडीबीत प्रत्येक ऑर्डर आपापली फील्ड, म्हणजे आपापले रकाने, घेऊन एक डॉक्युमेंट म्हणून बसते. एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे, पण आपल्याकडची मोठ्यात मोठी ऑर्डरही तिच्या आसपास फिरकत नाही.

या मोकळेपणाची किंमत मात्र मोजावी लागते, आणि शेलचा विषय तिथूनच सुरू होतो. तुम्ही स्वतः नियम लावून दिले नसतील तर कोणत्या फील्डमध्ये काय पडतंय याला मोंगो आडकाठी करत नाही. म्हणून डेटाला वरचेवर खोदून विचारावं लागतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची गोष्ट घ्या. महिन्याच्या नगांची बेरीज गोडाऊनच्या वहीशी जुळेना. दर वेळी प्रोग्रॅमचा आकडा कमी. एरर एकही नाही, आणि मालक म्हणतायत की सॉफ्टवेअर ऑर्डरी खातंय. ऑर्डरी सगळ्या जागेवर होत्या. जुन्या प्रोग्रॅममधून नगाचा आकडा संख्या म्हणून साठत होता. नंतर वेब फॉर्म आला आणि तोच आकडा मजकूर म्हणून, म्हणजे स्ट्रिंग होऊन पडू लागला. मोंगोचं डॉलर-सम बेरीज करताना जे संख्या नाही ते निमूटपणे वगळतं. ‘५०० पेक्षा जास्त नग’ असं शोधलं तरी स्ट्रिंगवाल्या ऑर्डरी हाती लागत नाहीत. चढत्या क्रमानं लावलं की आधी सगळ्या संख्या, मग सगळ्या स्ट्रिंग, आणि स्ट्रिंगमध्ये १००० हा २५० च्या आधी.

शेलमध्ये हे एका ओळीत उघडं पडलं: डीबी.ऑर्डर्स.काउंटडॉक्युमेंट्स, आणि कंसात अट, ‘नग’चा डॉलर-टाइप स्ट्रिंग, म्हणजे ‘नग’ मजकूर होऊन पडलेल्या ऑर्डरी किती. (आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.) कंपासच्या स्कीमा टॅबमध्येही फील्डचे टाइप दिसतात, नाही असं नाही. पण तो टॅब सहसा हजार डॉक्युमेंटांचा नमुना घेऊन चित्र काढतो. त्यात चुकार ऑर्डरी आल्या तर आल्या. काउंटडॉक्युमेंट्स अख्खं कलेक्शन, म्हणजे ऑर्डरींचा सगळा साठा, मोजून आकडा देतं.

तुम्ही म्हणाल, ही अट कंपासच्या फिल्टरच्या पट्टीतही लिहिता येते. येते की! पण मग तिथंही तुम्ही टाईपच करताय. तेच महिरपी कंस, तेच डॉलरचं चिन्ह. माउसनं उघडायचं ते खिडकीपुरतं. प्रश्न विचारायची भाषा दोन्हीकडे एकच. कंपास बनवणाऱ्यांनी स्वतःच त्यात शेल बसवून दिलंय, ते काही शोभेला नाही.

दुरुस्ती करताना खरी गंमत आली. अपडेटमेनी (अनेक ऑर्डरी एकदम बदलायची आज्ञा) घेतलं, अट तीच, आणि आत डॉलर-टूइंट लावून स्ट्रिंगची संख्या करायला सांगितली. अशी दुरुस्ती ४.२ आवृत्तीपासून करता येते. थोडं चाललं आणि अडलं. एका टेबलावर मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे काही आकडे देवनागरीत पडले होते. माणसाला ते पाचशेच, टूइंटला मात्र ती नुसती अक्षरं. अशा वेळी आधी बदललेल्या ऑर्डरी बदललेल्याच राहतात, उरलेल्या तशाच. अर्धवट वाटतं खरं, पण अट ‘फक्त स्ट्रिंग’ अशी असल्यामुळे तीच आज्ञा पुन्हा चालवली तरी झालेल्या ऑर्डरींना धक्का लागत नाही. उरलेल्यांसाठी एक छोटं लूप (एकेक ऑर्डर घेऊन तेच काम करणारा तुकडा) लिहिलं: देवनागरी अंक काढ, त्या जागी इंग्रजी अंक घाल, मग संख्या कर. हे जमलं कारण मोंगोचं शेल म्हणजे अख्खं जावास्क्रिप्ट (प्रोग्रॅमिंगची भाषा) आहे. कंपासच्या नुसत्या फिल्टरच्या पट्टीत लूप लिहिता येत नाही.

त्याच कलेक्शनमध्ये ‘ॲडव्हान्स’ शोधलं की निम्म्याच ऑर्डरी यायच्या. एका कीबोर्डवर ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून पडतं, दुसऱ्यावर ‘अ’ आणि वरचा चंद्र वेगवेगळे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शेलमध्ये दोन्हींची लांबी विचारली तेव्हा एकाची एकानं जास्त निघाली आणि उलगडा झाला. युनिकोडचं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या मानकाचं, नेहमीचं नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) हे दोन एक करत नाही, त्यामुळे एंट्री घेतानाच बंदोबस्त करावा लागतो. मराठीत डेटा भरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येणार.

या सगळ्या ओळी तारखेसह एका फाइलीत ठेवल्या. पुढं दुसऱ्या फील्डला हाच रोग झाला तेव्हा फील्डचं नाव बदललं आणि फाइल चालवली. कंपासमध्येही क्वेरी (विचारलेला प्रश्न) सेव्ह करता येते, पण हातानं एकेक डॉक्युमेंट उघडून केलेल्या बदलांचा मागमूस राहत नाही. तुमच्या जागी उद्या दुसरा माणूस आला तर काय क्लिक केलं होतं हे त्याला कसं सांगणार? ओळ असेल तर ती व्हॉट्सॲपवरही पाठवता येते. माझा सगळा आग्रह या एका कारणासाठी आहे, सर.

युनिफॉर्मच्या ऑर्डरीचं एक उदाहरण देतो, कारण ते वाचताना अनेकांना आपला रिपोर्ट आठवेल. साइजवार नग एका अ‍ॅरेमध्ये असतात, म्हणजे एकाच फील्डमधल्या यादीत: ३२ चे ४० नग, ३६ चे १५० नग, असं. आता ‘३२ साइजचे १०० पेक्षा जास्त नग असलेल्या ऑर्डरी’ हव्यात म्हणून साइज ३२ आणि नग १०० च्या वर अशा दोन अटी नुसत्या शेजारी लिहिल्या, तर ही ऑर्डरही येते. मोंगो बघतं की अ‍ॅरेत कुठंतरी ३२ आहे आणि कुठंतरी १०० च्या वर नग आहेत. दोन्ही एकाच नोंदीत आहेत का हे बघत नाही. त्यासाठी डॉलर-एलेममॅच लागतं. शेलमध्ये दोन्ही आज्ञा एकाखाली एक चालवून आकडे ताडून बघा, फरक लगेच डोळ्यात भरतो. असले रिपोर्ट बिनबोभाट चुकत राहतात आणि त्यावर कापड कापलं जातं.

आता ‘डेटा साफ’ होण्याची भीती. ती अगदीच हवेतली नाही. डिलीटमेनीला रिकामा कंस दिला की कलेक्शनमधलं सगळं जातं, आणि शेल ‘खात्री आहे का’ म्हणून विचारत नाही. डेटाबेसचं नाव चुकीचं टाईप केलं तरी ते तक्रार न करता त्या नावाच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये नेऊन उभं करतं. पण तुमच्या मनात बहुधा जुनं शेल आहे. त्यात अपडेट करताना डॉलर-सेट (‘एवढंच फील्ड बदल’ असं सांगणारा शब्द) लिहायला विसरलं की अख्खं डॉक्युमेंट बदलून जायचं आणि बाकीची फील्ड गुल. ते शेल ६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, सर्व्हरसोबत येतच नाही. आताच्या शेलमध्ये अपडेटवन आणि अपडेटमेनी अशी आज्ञा घेत नाहीत, सरळ एरर देतात. आणि डिलीटचं बटण कंपासमध्येही आहे! धोका खिडकीत नसतो, त्या लॉगिनला काय करायची मुभा दिलीय त्यात असतो. ज्याला फक्त बघायचंय त्याला ‘रीड’ एवढाच रोल द्या. मग तो काळ्या खिडकीत बसो की पांढऱ्या, काही पुसू शकत नाही. आपल्याकडे मालकापासून शिकाऊ पोरापर्यंत सगळे एकाच ॲडमिन पासवर्डवर चालतात. ते शेलच्या माथी मारू नका.

इंग्रजीचा मुद्दा मला पटत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं पोरगं घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी शिकतं, गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतं आणि शेजारच्या आजींशी कन्नड. फाइंड, सॉर्ट, लिमिट, काउंट असल्या मोजक्या शब्दांनी ते घाबरेल? नाव अर्धं लिहून टॅब दाबलं की पुढचं शेल सुचवतं. त्यांना घाबरवतो तो आपला ‘तुला नाही जमायचं’ हा सूर.

एआय आज्ञा लिहून देतो म्हणून शिकायची गरज नाही, असंही कुणीतरी तुमच्या खाली लिहिलंय. देतो, आणि बऱ्याचदा चांगली देतो. पण ती आज्ञा चालवायची शेलमध्येच, आणि एलेममॅच राहिलंय का हे वाचून कळायला हवं.

‘शिकवायचंच असेल तर सुरुवात कुठून?’ असं तुम्ही विचारलंय, बहुधा उपरोधानं. तरी सांगतो. मोंगोडंप या बॅकअपच्या साधनानं खऱ्या डेटाची नक्कल घ्या, वेगळ्या मशीनवर चढवा आणि पोरांना तिथं फक्त ‘रीड’ रोल द्या. सुरुवातीला नुसतं फाइंड आणि काउंटडॉक्युमेंट्स. फाइंड एका वेळी २० डॉक्युमेंट दाखवून थांबतं, पुढची हवी असतील तर आयटी ही दोन अक्षरं टाईप करून एंटर. हे आधीच सांगा, नाहीतर पोरांना वाटतं डेटा एवढाच आहे. तारखा शेलमध्ये यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिसतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्यामुळे १ एप्रिलला रात्री एक वाजता रात्रपाळीनं केलेली एंट्री ३१ मार्चच्या संध्याकाळी साडेसातची दिसते. आर्थिक वर्षाच्या रिपोर्टला हे फार नडतं, तिथं टाइमझोन आशिया-कोलकाता द्यायला शिकवा. मग लिहायचे अधिकार, तेही नकलेवरच, आणि एकच नियम: अपडेट किंवा डिलीट चालवण्याआधी तीच अट काउंटडॉक्युमेंट्सला देऊन आकडा बघायचा. पासवर्ड कनेक्शनच्या ओळीत लिहू देऊ नका, तो कमांडच्या हिस्टरीत राहतो. नुसतं युजरचं नाव दिलं की शेल पासवर्ड विचारून घेतं.

नकलेसाठी कुणाच्या ऑर्डरी वापरणार असाल तर गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर आधी पुसून टाका.